वजा करून उरलेला आवाज

आधी कानातली ती बोंडं काढा. येलित्सा, तूही. गाणं नंतर ऐक, ते काही पळून जात नाही. ही गोष्ट एका कानानं ऐकण्यासारखी नाही. आणि कोणीतरी शेगडीत एक लाकूड सारा, म्हणजे मला मधे उठावं लागणार नाही.

लुचेझारला तुम्ही सगळे ओळखता. बाजाराच्या रस्त्यावर श्रवणयंत्रांचं दुकान आहे, तिथं म्हाताऱ्यांच्या डोक्यावर हेडफोन चढवून "ऐकू आलं की बटण दाबा" म्हणतो, तोच. माझा उजवा कान गेलाय हे त्यानंच मला सांगितलं, आणि तेही हसत हसत. वय चाळीस. एकटा. घर राइकोवोत, चढावर, दुमजली. दिवसा लोकांचे कान तपासायचे आणि संध्याकाळी गाणी वाजवणारे प्लेअर तपासायचे, हा त्याचा दिनक्रम. कॉम्प्युटरवरचे, फोनवरचे, खिशात घालायचे, सगळे. एकच फाईल या प्लेअरवर वाजवायची, मग त्या प्लेअरवर वाजवायची, आणि काय दिसलं ते इंटरनेटवर लिहायचं. लिहायचं म्हणजे भांडायचंच. लोक म्हणायचे, अमक्या प्लेअरवर आवाज मखमलीसारखा येतो, तमक्यावर कोरडा ठणठणीत. हा म्हणायचा, फाईल तीच, आतले आकडे तेच, सेटिंग नीट लावा, सगळीकडे आवाज तोच येणार. तुम्हाला फरक ऐकू येतोय तो तुमच्या डोक्यातला.

मी चौतीस वर्षं रेडिओत काढली. मला त्याचं पटायचं. अजूनही पटतं. म्हणून तर ही गोष्ट सांगायला मला जड जातं.

सुरुवात माझ्यामुळेच झाली. गोर्ना यासेन्कातली झ्लात्का आजी मला एकदा बसमध्ये भेटली. तिच्याकडे एक जुनी टेप होती, मोठ्या चकतीची. तिच्या नवऱ्यानं, पेत्कोनं, कावाल, म्हणजे मेंढपाळांची लांब बासरी, वाजवलेला. पेत्को जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि ती टेप वाजवायला गावात यंत्रच उरलं नव्हतं. मी तिला लुचेझारचं नाव सांगितलं. तो टेपवरचं कॉम्प्युटरवर घेतो, तिथून तुझ्या फोनवर देईल, म्हटलं.

गेल्या नोव्हेंबरातला दुसरा रविवार. लुचेझार स्वतः गाडी घेऊन यासेन्काला गेला. आजीनं त्याला तांदूळ आणि चीज भरून भाजलेला क्लिन खाऊ घातला, उरलेला बांधून दिला, आणि बिस्किटांच्या डब्यातून टेप काढली. म्हणाली, टेप हातातून सोडवत नाही रे, मीही येते. मग त्याच्याच गाडीत बसून आली. वरच्या मजल्यावर, त्याच्या त्या कामाच्या खोलीत, टेपची फाईल झाली आणि त्यानं ती तिला कॉम्प्युटरवर वाजवून दाखवली. त्याचा एक आवडता जुना प्लेअर होता, राखाडी खिडकीचा. पंधरा वर्षं कोणी त्यात सुधारणा केली नव्हती, पण याचा त्याच्यावर जीव. त्यावर वाजवली. अकरा मिनिटांचं वादन. आजी शेवटपर्यंत मांडीवर हात ठेवून बसली. जाताना त्याच्या गालाला हात लावला.

मंगळवारी तिचा फोन आला.

तिचं म्हणणं असं, की फोनवर पेत्को वाजवतो, पण तो तिथं नसतो. तुझ्या यंत्रावर तो आला होता. वाजवायच्या आधी श्वास घेतला होता त्यानं. फोनवर श्वास नाही.

लुचेझारनं मला ते हसून सांगितलं. रोज दुकानात असलं काहीतरी ऐकतो, म्हणाला. फोनचे स्पीकर एवढे एवढेसे, श्वास कुठून ऐकू येणार? तरी त्याचा स्वभाव कसा, सिद्ध केल्याशिवाय त्याला चैन नाही. त्यानं आजीला गुरुवारी बोलावून घेतलं.

गुरुवार, तेरा नोव्हेंबर. तारीख लक्षात ठेवा.

दुपारी त्यानं तिला खुर्चीवर बसवलं, स्क्रीनकडे पाठ करून. हेडफोन एकच, आवाज तेवढाच, फाईल तीच. प्लेअर दोन. एक तो राखाडी, दुसरा आज सगळे वापरतात तसला नवा. हा नाणं उडवणार आणि जे पडेल त्याप्रमाणे यावर नाहीतर त्यावर वाजवणार. आजीनं फक्त सांगायचं, पेत्को आला की नाही. अशा चाचणीत माणूस नुसता अंदाज करतो. दहात पाच बरोबर येतात, फार तर सहा. मोठमोठे कानसेन त्यानं असे गप्प केले होते.

आजी विणकाम घेऊन बसली होती. विणता विणताच सांगत होती. आला. नाही. नाही. आला.

दहापैकी दहा.

त्यानं पुन्हा दहा वेळा केलं. पुन्हा दहा. तेव्हा, म्हणाला, तोंडाला कोरड पडली माझ्या. पण भीतीनं नाही. पंधरा वर्षं भांडलो आणि आता या बाईपुढं हरलो, याची ती कोरड.

तेवढ्यात धुकं उतरलं. शेवटची बस गेली होती आणि तसल्या धुक्यात यासेन्काचा घाट कोण चढणार? आजी खालच्या खोलीत झोपली. हा बीन्सचं सूप पिऊन वर गेला.

आता तो काय करायला गेला ते नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. दोन्ही प्लेअरमधून जो आवाज बाहेर पडतो तो त्यानं कॉम्प्युटरवरच टिपून घेतला. मधे माईक नाही, हवा नाही, काही नाही. मग एका आवाजाच्या लाटा उलट्या केल्या, वरच्या खाली आणि खालच्या वर, आणि तो दुसऱ्यावर ठेवला. जे जे दोन्हीकडे सारखं, ते ते एकमेकांना खाऊन टाकतं. शिल्लक राहतो तो फक्त फरक. आणि फरक नसेल तर राहते शांतता. साधी वजाबाकी. रेडिओत मी शंभरदा केलीय.

त्यानं दिवा मालवला. फ्रिजचा आवाज नको म्हणून खाली जाऊन त्याचं बटण बंद करून आला. हेडफोन घातले. रात्रीचे अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. आवाज पूर्ण वाढवला आणि वाजवलं.

शांतता होती.

मग कोणीतरी श्वास घेतला.

एकच. छातीभर. पाण्यात उतरण्याआधी माणूस घेतो तसा. मग कावालचा आवाज यायला हवा, पण कावाल वजाबाकीत गेला होता. नुसती शांतता, अकरा मिनिटं. श्वास सोडल्याचं कुठंच नाही…

लुचेझारनं सेटिंग तपासली. काहीतरी चुकलं असणार. एक प्लेअर अर्ध्या क्षणानं पुढं असेल. त्यानं सगळं पुसलं, पुन्हा टिपलं, पुन्हा उलटं केलं, पुन्हा वाजवलं.

या वेळी श्वास नव्हता. पावलं होती.

लांबून. लाकडी फळ्यांवरून. एक, दोन, तीन, चार… आणि थांबली.

तिसऱ्यांदा केलं. पावलं सुरू झाली तीच मुळी जवळून. मागच्या वेळी जिथं थांबली होती, तिथून.

तो मला म्हणाला, "स्पास काका, तेव्हा मी हेडफोन काढले असते तर बरं झालं असतं. पण मला वाटलं, हे लिहून काढायला हवं. मी चौथ्यांदा लावलं."

तेवढ्यात दार वाजलं. दारात आजी उभी होती, खांद्यावर शाल. चेहरा उजळलेला. वर कोण चालतंय, विचारलं तिनं. तो खुर्चीतच बसून होता. तास झाला होता त्याला उठून. आणि हेडफोनमधला आवाज खाली ऐकू जाणं शक्य नव्हतं.

त्यानं तिला घाबरवायचं नाही म्हणून सांगितलं, काही नाही आजी, टेप आहे. ती म्हणाली, मला ऐकव. तो आलाय ना? मला ऐकव.

हा नाही म्हणाला. आजीनं खुर्ची ओढली आणि बसली. नऊ वर्षं वाट बघितली मी, म्हणाली. तुझ्या नाहीला मी कुठं विचारते?

मग त्यानं हेडफोनची वायर काढली. आवाज स्पीकरवर घेतला. आणि लावलं.

पावलं.

आता फळ्या करकरत होत्या. चालणारा भारी होता. एक. दोन. एक. दोन. आजी पुढं झुकली. डोळे मिटलेले, ओठांवर हसू. लुचेझार तिच्याकडे बघत होता, कारण स्पीकरकडे बघवत नव्हतं. आणि बघता बघता ते हसू गेलं. असं गेलं, म्हणाला, जसं कोणी आतून दिवा घालवावा.

तिनं डोळे उघडले.

"हा पेत्को नाही," ती म्हणाली.

त्याला काही कळलं नाही.

"एकाहत्तर साली पेत्कोच्या डाव्या पायावर झाड पडलं. तो मरेपर्यंत लंगडला. मी त्याचं पाऊल रस्त्याच्या वळणापासून ओळखायची." ती बोटांनी गुडघ्यावर ताल धरत होती. एक, दोन. एक, दोन. "हा नीट चालतो."

त्यानं विचारलं, मग टेप भरताना खोलीत अजून कोण होतं? ती म्हणाली, कोणी नाही. पेत्को खाटेवर बसला होता. मी यंत्रापाशी उभी होते. कोणी चाललंच नाही.

पावलं थांबली.

स्पीकरमध्ये कोणीतरी अगदी जवळ उभं होतं. तुम्ही अंधाऱ्या खोलीत गेलात आणि तिथं आधीच कोणी असलं, की न दिसता कळतं ना… तसं.

"झ्लात्का," ते म्हणालं.

पेत्कोचा आवाज. हुबेहूब. लुचेझारनं पेत्कोला कधी ऐकलं नव्हतं, पण आजीचा हात त्याच्या मनगटावर होता. त्या हातावरून त्याला कळलं.

ती बोलली नाही.

"झ्लात्का. मी आलो. ओ दे."

तिनं दुसऱ्या हातानं स्वतःचं तोंड दाबून धरलं.

लुचेझारनं थांबवण्याचं बटण दाबलं. प्लेअर थांबला. स्क्रीनवरची रेघ सरळ झाली, काटा शून्यावर आला. त्यानं स्पीकरची वायरही ओढून काढली. वायर त्याच्या हातात होती. हे त्यानं मला तीनदा सांगितलं, वायर माझ्या हातात होती.

आणि फळी करकरली.

स्पीकरमध्ये नाही.

खिडकीजवळ.

एक.

…दोन.

आजी उठली. एकोणऐंशी वर्षांची बाई, पण तिनं त्याला खुर्चीतून उपटला. दोघं बाहेर आले. तिनं दार ओढलं, किल्ली बाहेरच्या बाजूला होती, ती फिरवली. जिन्यात दिवा नव्हता. वरच्या पायरीवर दोघं भिंतीला पाठ टेकून उभे राहिले, कारण अंधारात खालची पायरी दिसत नव्हती. आत काही वाजत नव्हतं. अजिबात काही नाही. ती शांतता, लुचेझार म्हणतो, ऐकू येत होती.

किती वेळ गेला, त्याला माहीत नाही. मग त्यानं अगदी हळू, कुजबुजत, विचारलं की आजी, पावलांवरून तुम्हाला कळलं ते कळलं. पण आवाज तर त्यांचाच होता. तुम्ही ओ कशी दिली नाहीत?

आजीनं तोंड त्याच्या कानाशी नेलं.

"पन्नास वर्षांत त्यानं मला नावानं हाक मारली नाही रे. चार माणसांत 'अगं' म्हणायचा. आणि दोघंच असलो, की 'चिमणे'." तिचा आवाज फुटला. "त्यानं चिमणे म्हटलं असतं ना, लुचो… तर मी गेले असते."

एवढंच बोलली.

आतून काही आलं नाही. थोड्या वेळानं ते एकमेकांना धरून खाली उतरले आणि स्वयंपाकघरात सगळे दिवे लावून उजाडेपर्यंत बसले. आजीनं लिंडनच्या वाळल्या फुलांचा चहा केला.

सकाळी धुकं गेलं. शेजारच्या बाईनं कोंबड्यांना हाका मारल्या, तेव्हा कुठं त्याला वर जायचा धीर झाला. दार उघडलं. खोली जशीच्या तशी होती. खुर्ची, टेबल, विणकामाची राहिलेली लोकर. त्यानं दारातूनच हात घालून दिवा लावला. मग रात्री वजा करून उरलेली ती फाईल उघडली. तीत काही नव्हतं. खालपासून वरपर्यंत शून्य. श्वास नाही, पाऊल नाही. पुन्हा नव्यानं टिपून वजाबाकी केली. शून्य. मग आजीला वर बोलावलं. ती उंबऱ्यावरच उभी राहिली, आत आली नाही. त्यानं राखाडी प्लेअरवर कावाल वाजवला, मग नव्यावर वाजवला, मग फोनवर.

आजी म्हणाली, "आता कशातच नाही. सगळीकडे सारखंच वाजतंय."

पंधरा वर्षं हा माणूस हेच सिद्ध करायला बघत होता, की सगळीकडे सारखंच वाजतं. ते ऐकून तो पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. कारण त्याला कळत होतं. काल होतं. आज फाईलमध्ये नाही. मग आता…

असो.

आजीला त्यानं यासेन्काला सोडलं. टेप तिनं त्याच्यासमोर चुलीत घातली. मला त्यानं शनिवारी बोलावून घेतलं. मी चेष्टाच करत गेलो. जागरण, धुकं, म्हातारीचं दुःख, आणि तुझ्यासारखा एकटा राहणारा माणूस, असं काय काय त्याला म्हणालो. तो उठला. मला घेऊन वर गेला.

त्या खोलीला आतून सगळीकडे स्पंज लावलाय. जाड, काळा, आवाज घुमू नये म्हणून लावतात तो. रेडिओच्या खोलीतही असायचा. त्याच्यावर हात दाबलात तर हात रुततो आणि काढलात की दोन मिनिटांत स्पंज पुन्हा फुगून सपाट होतो. त्यानं मला जिन्याच्या बाजूच्या भिंतीपाशी नेलं आणि बॅटरी तिरपी धरली.

स्पंजमध्ये कान उमटला होता.

कानाचा ठसा. पाळी, वरची कड, आतली वळणं, सगळं. बाजूला गालाचं हाड जिथं टेकलं तिथं खोलगट. कोणीतरी खोलीच्या आतून, भिंतीला कान लावून उभं होतं. जोर लावून. बराच वेळ.

मी लुचेझारला जिन्यात पाठवलं. म्हटलं, गुरुवारी रात्री आजी तुझ्या कानाशी जिथं बोलली तिथं जाऊन उभा राहा, आणि भिंतीवर टकटक कर. त्यानं टकटक केली. मी आतून बोटानं जागा धरली.

ठशाच्या बरोबर मधोमध.

दोन दिवस झाले होते तेव्हा. आज तीन महिने झाले. गेल्या आठवड्यात मी जाऊन पाहिलं. त्याच्या शेजारी मी माझा अंगठा दाबून बघितला. अंगठ्याचा खड्डा भरून आला. कान तसाच आहे.

झ्लात्का आजी यासेन्कात एकटीच राहते. तिला आम्ही हे सांगितलेलं नाही.